चक्क्याच्या पाण्यासाठी लॅक्टेज: एन्झाइमचे अचलीकरण आणि त्याच्या टिकाऊपणाची खरी मोजणी

श्रीखंडासाठी दही टांगले की चक्का वर राहतो आणि पाणी खाली गळते. घरी हे पाणी पिठात जाते, आमटीत जाते. पण रोज शेकडो किलो चक्का करणाऱ्या दुग्धव्यवसायात ते सांडपाणी ठरते. या पाण्यात, म्हणजे आम्ल व्हेमध्ये, दर लिटरला साधारण ४० ते ४५ ग्रॅम लॅक्टोज असते. ते तसेच सोडले तर सांडपाण्याची जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे ते कुजवताना सूक्ष्मजीव वापरतात तो ऑक्सिजन, दर लिटरला ३० ते ५० हजार मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकते. लॅक्टेज या एन्झाइमने लॅक्टोजचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज केले, तर त्याच पाण्यातून बेकरी, मिठाई किंवा किण्वनासाठी उपयोगी पडेल असा गोड पाक मिळू शकतो. अडचण एवढीच आहे की एन्झाइम विकत घ्यावे लागते, आणि पाण्यात सरळ मिसळलेले एन्झाइम एकदाच वापरता येते.

अचलीकरणाचा, म्हणजे एन्झाइम घन आधाराला बांधून ठेवण्याचा, उपयोग इथे होतो. बांधलेले एन्झाइम गाळून परत घेता येते, कॉलममध्ये, म्हणजे उभ्या नळीत, भरून सतत चालवता येते आणि बहुतेक वेळा उष्णतेला व ढवळण्याला मोकळ्या एन्झाइमपेक्षा जास्त तोंड देते. या लेखात कायटोसानच्या, म्हणजे कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थाच्या, मण्यांवर लॅक्टेज बांधण्याची पद्धत पहिल्या पायरीपासून दिली आहे. मात्र मणी तयार करणे हा या कामातला सोपा भाग आहे. एन्झाइम खरोखर बांधले गेले का, बांधल्यावर ते किती काम करते आणि ते किती दिवस टिकते, हे प्रामाणिकपणे मोजणे अवघड असते आणि बहुतेक प्रकल्प तिथेच फसतात. म्हणून लेखाचा मोठा भाग मोजणीला दिला आहे.

आधी ठरवा: बांधायचे की नाही

एन्झाइम आधाराला चिकटल्यावरही काम करते, हे नेल्सन आणि ग्रिफिन यांनी १९१६ मध्ये कोळशावर शोषलेल्या इन्व्हर्टेजच्या साहाय्याने दाखवले होते. उद्योगाने ही कल्पना प्रत्यक्षात आणायला अर्धे शतक लागले. जपानच्या तानाबे सेइयाकु कंपनीत इचिरो चिबाता यांच्या गटाने १९६९ मध्ये आयन-विनिमय आधारावर बांधलेल्या अमिनोअ‍ॅसिलेजने अमिनो आम्लांचे औद्योगिक उत्पादन सुरू केले. त्यानंतर मक्याच्या पाकातले ग्लुकोज फ्रुक्टोजमध्ये बदलणारे ग्लुकोज आयसोमरेज आणि पेनिसिलिन जी पासून ६-अमिनोपेनिसिलानिक आम्ल देणारे पेनिसिलिन अ‍ॅसिलेज ही दोन एन्झाइमे बांधलेल्या रूपात जगभर रुळली. पेनिसिलिन अ‍ॅसिलेजवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही अनेक वर्षे काम झाले आहे. या एन्झाइमने केवळ खर्च वाचवला नाही. आधीच्या रासायनिक पद्धतीत फॉस्फरस पेंटाक्लोराइड, क्लोरीनयुक्त द्रावके आणि शून्याखाली ४० अंशांच्या आसपासचे तापमान लागत असे. त्या जागी साधे पाणी आणि खोलीच्या आसपासचे तापमान आले.

तरीही प्रत्येक एन्झाइम बांधण्यात शहाणपण नाही. स्टार्च पातळ करणारे अल्फा-अमायलेज स्वस्त आहे, शिवाय त्याला खळीसारख्या घट्ट, मोठ्या रेणूंच्या पदार्थात काम करायचे असते. तिथे मोकळे एन्झाइमच परवडते. लॅक्टोजमुक्त दुधासाठीही बरेच उत्पादक मोकळे लॅक्टेज वापरतात, कारण दुधातली प्रथिने व स्निग्धांश कॉलम लवकर चोंदवतात आणि निर्जंतुकता सांभाळणे कठीण जाते. व्हेची गोष्ट वेगळी आहे. त्यातले स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने आधी काढून टाकता येतात, उरलेला लॅक्टोज लहान रेणूचा व पूर्ण विरघळलेला असतो आणि प्रक्रिया करायचे प्रमाण मोठे असते. लहान रेणू, स्वच्छ द्रावण आणि मोठे प्रमाण या तीन अटी जुळत असतील तरच पुढे जावे, असे माझे मत आहे.

एन्झाइमची आणि आधाराची निवड

बाजारात मुख्यतः दोन प्रकारची लॅक्टेज मिळतात. क्लुइव्हेरोमायसीस या यीस्टपासूनचे एन्झाइम सामू ६.५ ते ७ च्या आसपास काम करते, त्याला पोटॅशियम व मॅग्नेशियम लागते आणि ते उष्णतेला नाजूक असते. ते दुधासाठी योग्य आहे. अ‍ॅस्परजिलस ओरायझी या बुरशीपासूनचे एन्झाइम सामू ४.५ ते ५ च्या दरम्यान आणि ५० ते ५५ अंश सेल्सिअसला सर्वाधिक वेगाने काम करते, त्याला धातूचे आयन लागत नाहीत आणि ते अधिक कणखर आहे. चक्क्याच्या पाण्याचा सामू साधारण ४.२ ते ४.६ असतो, त्यामुळे निवड उघड आहे.

आधार निवडताना महाविद्यालयीन प्रकल्पांतले आवडते कॅल्शियम अल्जिनेटचे मणी इथे घेऊ नयेत. अल्जिनेटच्या जाळीची छिद्रे सुमारे एक लाख डाल्टन वजनाच्या या एन्झाइमला धरून ठेवण्याइतकी बारीक नसतात, म्हणून ते हळूहळू गळत राहते. शिवाय व्हेमधले फॉस्फेट आणि लॅक्टेट मण्यांमधले कॅल्शियम ओढून घेतात आणि मणी मऊ पडून फुटतात. संपूर्ण यीस्टच्या पेशी कोंडायच्या असतील तर अल्जिनेटसारखा सोपा आधार नाही. एकट्या एन्झाइमसाठी मात्र तो भ्रम निर्माण करतो.

कायटोसान कोळंबी आणि खेकड्याच्या कवचापासून मिळते. त्याच्या साखळीवर मोकळे अमिनो गट असतात. ग्लुटाराल्डिहाइड या दोन्ही टोकांनी जोडणाऱ्या रसायनाचे एक टोक या अमिनो गटाला धरते आणि दुसरे टोक एन्झाइमवरील लायसिन या अमिनो आम्लाच्या अमिनो गटाला. हा बंध सहसंयुज असल्यामुळे एन्झाइम सहजी सुटत नाही. एकच रेणू अनेक ठिकाणी बांधला गेला तर त्याची घडी उष्णतेने उलगडायला वाव कमी राहतो, आणि खऱ्या स्थिरतेचे मुख्य कारण हेच आहे. त्याखेरीज रेणू एकमेकांपासून दूर राहिल्याने त्यांचे गोळे होत नाहीत, आणि मण्याच्या आत असल्यामुळे ढवळताना उठणाऱ्या हवेच्या बुडबुड्यांपासूनही ते सुरक्षित राहतात.

कायटोसानची एक मोठी मर्यादा लक्षात ठेवावी. ते आम्लात विरघळते. ग्लुटाराल्डिहाइडने साखळ्या एकमेकींना जोडल्यावरच ते सामू ४.५ च्या व्हेमध्ये टिकते. म्हणून इथे ग्लुटाराल्डिहाइडची पायरी दोन कामे करते आणि ती अर्धवट सोडून चालत नाही.

मणी तयार करणे

अ‍ॅसेटिल गट ८० ते ८५ टक्क्यांहून अधिक काढलेले कायटोसान घ्यावे. १०० मिलिलिटर पाण्यात २ मिलिलिटर ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल मिसळून त्यात ३ ग्रॅम कायटोसान थोडे थोडे टाकत रात्रभर ढवळावे. सकाळी मधासारखे घट्ट द्रावण मिळते. ते मलमलीतून गाळावे आणि त्यातील बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत शांत ठेवावे. ही वाट पाहणे टाळले तर मण्यांत हवा अडकते, ते तरंगतात आणि पुढे कॉलममध्ये पोकळ्या निर्माण होतात.

दुसऱ्या बीकरमध्ये एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे लिटरला ४० ग्रॅम, हळू ढवळत ठेवावे. कायटोसानचे द्रावण २१ ते २३ गेजच्या सुईच्या सिरिंजमधून ५ ते ८ सेंटिमीटर उंचीवरून थेंबाथेंबाने त्यात सोडावे. थेंब अल्कलीत पडताच पांढरा आणि घट्ट होतो. तो चपटा होत असेल तर उंची जास्त आहे किंवा द्रावण पातळ आहे. त्याला शेपूट येत असेल तर द्रावण फार घट्ट आहे. दोन ते तीन मिलिमीटरचे गोल मणी आले की ते दोन ते चार तास अल्कलीतच मुरू द्यावेत आणि मग धुवावेत. धुण्याच्या पाण्याला सामूपट्टीवर उदासीन रंग येईपर्यंत पाणी बदलत राहावे.

या मण्यांचे नव्वद टक्क्यांहून अधिक वजन पाण्याचेच असते. त्यामुळे ‘एक ग्रॅम मणी’ म्हणताना ते नेहमी एकाच पद्धतीने, उदाहरणार्थ चाळणीवर ठराविक मिनिटे निथळवून, वजन केलेले असावेत. एका नमुन्याचे १०५ अंशांवर सुकवून कोरडे वजनही एकदा काढून ठेवावे. दोन घाण्यांची तुलना करण्याची वेळ आली की या नोंदीचे मोल कळते.

ग्लुटाराल्डिहाइडची प्रक्रिया

ग्लुटाराल्डिहाइड डोळे, त्वचा आणि श्वसनमार्गाला त्रासदायक आहे आणि वारंवार संपर्क आला तर त्याची अ‍ॅलर्जी जडू शकते. हे काम धूरकक्षात, नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा घालूनच करावे.

२५ टक्क्यांच्या विकतच्या द्रावणाचे ८ मिलिलिटर आणि सामू ७ च्या ०.१ मोलर फॉस्फेट बफरचे, म्हणजे सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचे, ९२ मिलिलिटर मिसळले की २ टक्क्यांचे द्रावण होते. दर ग्रॅम ओल्या मण्यांसाठी ५ ते १० मिलिलिटर या हिशेबाने मणी त्यात टाकून खोलीच्या तापमानाला दोन तास हळू हलवावे. पांढरे मणी पिवळसर आणि मग फिकट तपकिरी होतात. इथे ट्रिस किंवा ग्लायसीनचा बफर कधीही वापरू नये, कारण त्यातील अमिनो गट ग्लुटाराल्डिहाइड स्वतःच खाऊन टाकतात.

यानंतर मणी बफरने सहा-आठ वेळा धुवावेत. शेवटच्या धुण्यात ग्लुटाराल्डिहाइड उरलेले नाही याची रासायनिक चाचणी करून खात्री करावी. उरलेले ग्लुटाराल्डिहाइड द्रावणातल्या एन्झाइमचे रेणू एकमेकांना चिकटवून वाया घालवते, आणि अन्नप्रक्रियेच्या दृष्टीने ते अजिबात चालणारे नाही.

आता टिकाऊपणाची पहिली परीक्षा घ्यावी. थोडे मणी २ टक्क्यांच्या अ‍ॅसेटिक आम्लात २४ तास ठेवावेत आणि शेजारी ग्लुटाराल्डिहाइड न लावलेले मणीही तसेच ठेवावेत. न जोडलेले मणी फुगून विरघळतात. जोडलेले मणी जसेच्या तसे राहिले पाहिजेत. त्यांच्या कडा लिबलिबीत झाल्या तर ग्लुटाराल्डिहाइडचे प्रमाण किंवा वेळ वाढवावी, पण ३ टक्क्यांपलीकडे जाताना सावध असावे. जाळी फार दाट झाली की मणी ठिसूळ होतात आणि लॅक्टोजला आत शिरायला वाट उरत नाही.

एन्झाइम बांधणे

विकतच्या लॅक्टेज पावडरमध्ये प्रत्यक्ष एन्झाइम थोडे आणि माल्टोडेक्स्ट्रिनसारखे भरावाचे पदार्थ पुष्कळ असतात. अमोनियम सल्फेटने साकळलेले एन्झाइम असेल तर त्यातील अमोनिया अल्डिहाइड गटांशी अभिक्रिया करतो. म्हणून पावडर फॉस्फेट बफरमध्ये विरघळवून, न विरघळलेला भाग सेंट्रिफ्यूजने काढून, १२ ते १४ हजार डाल्टनच्या डायलिसिस पिशवीत ४ अंशांवर बफर बदलत रात्रभर ठेवावी. मग ब्रॅडफर्ड पद्धतीने ५९५ नॅनोमीटरवर प्रथिनाचे प्रमाण मोजावे.

पहिल्याच प्रयोगात एकच मात्रा घेऊन थांबू नये. दर ग्रॅम ओल्या मण्यांना १, २, ५ आणि १० मिलिग्रॅम प्रथिन अशा चार मात्रा लावाव्यात. एन्झाइमचे द्रावण सामू ७ च्या फॉस्फेट बफरमध्ये असावे, कारण आम्लधर्मी सामूला लायसिनचे अमिनो गट भारित राहतात आणि बंध नीट जुळत नाहीत. मणी त्यात ४ अंशांवर रात्रभर हळू फिरते ठेवावेत. चुंबकीय ढवळणीने मणी खरवडले जातात, म्हणून हलवणारे यंत्र किंवा फिरणारी बाटली बरी.

याच वेळी आणखी एक बाटली लावावी, ज्यात फक्त एन्झाइमचे द्रावण असेल आणि मणी नसतील. तिलाही त्याच तापमानात, तितकाच वेळ ठेवावे. हे नियंत्रण बहुतेक अहवालांत नसते आणि त्यामुळे आकडे खोटे ठरतात. रात्रभरात एन्झाइम आपोआप २० टक्के मरत असेल आणि ही बाटली नसेल, तर द्रावणातली ती घट ‘बांधले गेले’ म्हणून खात्यात जमा होते.

सकाळी द्रावण काढून घ्यावे, मणी बफरने धुवावेत आणि नंतर एक मोलर मिठाच्या द्रावणाने धुवावेत. मीठ फक्त विद्युतभाराने चिकटलेले एन्झाइम सोडवते. हे सगळे द्रावण साठवावे, टाकू नये. शेवटी मणी ०.१ मोलर ग्लायसीनमध्ये तासभर ठेवून उरलेले अल्डिहाइड गट बंद करावेत. काही जण यानंतर सोडियम बोरोहायड्राइडने बंध पक्के करतात. त्याने बंधाची टिकाऊ शक्ती वाढते हे खरे, पण अल्कधर्मी सामूमुळे थोडे एन्झाइम जाते आणि हायड्रोजन वायू निघतो. पहिल्या फेरीत ही पायरी वगळून गळती किती आहे ते पाहावे आणि मगच तिचा विचार करावा.

हिशेब

क्रियाशीलता मोजण्यासाठी ऑर्थो-नायट्रोफेनिल गॅलॅक्टोसाइड हा कृत्रिम पदार्थ सोयीचा आहे. लॅक्टेज त्यातून ऑर्थो-नायट्रोफेनॉल मोकळे करते आणि ते अल्कलीत पिवळे दिसते. सामू ४.५ च्या बफरमधील १० मिलिमोलरच्या २० मिलिलिटर द्रावणात ४० अंशांवर ०.४ ग्रॅम मणी टाकून हलवत ठेवावेत. दर दोन मिनिटांनी ०.५ मिलिलिटर काढून १.५ मिलिलिटर एक मोलर सोडियम कार्बोनेटमध्ये घालावे आणि ४२० नॅनोमीटरवर वाचावे. एन्झाइम नसलेल्या मण्यांचाही एक नमुना सोबत चालवावा.

समजा प्रकाशशोषण दर मिनिटाला ०.०९ ने वाढले. अल्कलीत ऑर्थो-नायट्रोफेनॉलचा शोषणांक मिलिमोलरला सुमारे ४.५ आहे, तरी आपल्या यंत्रावर प्रमाण-आलेख काढून घ्यावा. ०.०९ भागिले ४.५ म्हणजे ०.०२ मिलिमोलर, नमुना चौपट पातळ केला होता, म्हणून ०.०८. वीस मिलिलिटरमध्ये हे १.६ मायक्रोमोल प्रति मिनिट होते, आणि मणी ०.४ ग्रॅम असल्याने दर ग्रॅमला ४ युनिट मिळाले (एक युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल).

आता तीन वेगळे आकडे काढायचे आहेत आणि ते एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. समजा १००० युनिट एन्झाइम लावले, मणी नसलेल्या बाटलीत रात्रभरात काहीच घट झाली नाही आणि उरलेल्या द्रावणात व सर्व धुण्यांत मिळून ३०० युनिट सापडले. म्हणजे ७०० युनिट मण्यांवर गेले आणि बंधनाचे प्रमाण ७० टक्के झाले. पण मण्यांची प्रत्यक्ष मोजलेली क्रियाशीलता ३५० युनिटच निघाली, तर गेलेल्या एन्झाइमपैकी निम्मेच काम करत आहे, म्हणजे कार्यक्षमता ५० टक्के. लावलेल्या १००० पैकी हाती आलेले ३५० युनिट, म्हणजे एकूण प्राप्ती ३५ टक्के. पुरवठादार आणि प्रकल्प-अहवाल सहसा पहिलाच आकडा पुढे करतात, कारण तो सर्वांत मोठा असतो. कारखान्याच्या कामाचा आकडा तिसरा आहे.

निम्मे एन्झाइम कुठे गेले, हे शोधणे पुढचे काम. एक शक्यता अशी की बांधताना त्याची घडी बिघडली किंवा क्रियास्थानच झाकले गेले. दुसरी शक्यता अशी की एन्झाइम ठीक आहे, पण लॅक्टोज मण्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. दोन्हींत फरक करण्याची युक्ती सोपी आहे: तेवढेच मणी खलबत्त्यात बारीक वाटून पुन्हा मोजावे. क्रियाशीलता चांगलीच वाढली तर अडथळा विसरणाचा, म्हणजे रेणू आत झिरपण्याचा, आहे. मणी लहान करावेत किंवा एन्झाइमची मात्रा कमी करावी. वाढली नाही तर दोष बांधणीत आहे. तसेच हलवण्याचा वेग वाढवल्यावर क्रियाशीलता वाढत असेल, तर मण्याभोवतीचा द्रवाचा थर वेग अडवत आहे, असे समजावे.

चार मात्रांची चाचणी इथे उपयोगी पडते. बहुधा १० मिलिग्रॅमच्या मण्यांची क्रियाशीलता ५ मिलिग्रॅमच्या दुप्पट येत नाही. ज्या मात्रेपासून वाढ मंदावते, त्याच्या जरा अलीकडे थांबावे.

गळती आणि टिकाऊपणा

गळतीची चाचणी अशी करावी. अभिक्रिया सुरू असताना अर्ध्यावर द्रावण मण्यांवेगळे करावे आणि ते द्रावण तसेच त्याच तापमानाला ठेवून पुढे मोजत राहावे. पिवळेपणा वाढत राहिला तर एन्झाइम द्रावणात सुटलेले आहे. ही चाचणी नुसत्या बफरमध्ये न करता प्रत्यक्ष व्हेमध्ये आणि कामाच्या तापमानालाही करावी.

उष्णतेचा टिकाऊपणा पाहण्यासाठी मोकळे व बांधलेले एन्झाइम ६० अंशांवर ठेवून ०, १५, ३०, ६० आणि १२० मिनिटांनी नमुने काढावेत, थंड करावेत आणि उरलेली क्रियाशीलता मोजावी. तिच्या नैसर्गिक लघुगणकाचा वेळेबरोबर आलेख काढला की मोकळ्या एन्झाइमची रेषा बहुधा सरळ येते. बांधलेल्याची अनेकदा आधी झपाट्याने उतरते आणि मग मंदावते, कारण काही रेणू एकाच ठिकाणी बांधलेले असतात व काही अनेक ठिकाणी. अशा वेळी पहिल्या उताराची किंवा शेवटच्या मंद भागाची, अशी एकाचीच निवड करून अर्धायुष्य सांगणे योग्य नाही. दोन्ही भाग नोंदवावेत.

‘पंधरा फेऱ्यांनंतर ९० टक्के क्रियाशीलता शिल्लक’ असे वाक्य वाचले की मी सावध होतो, आणि त्याला कारण आहे. प्रत्येक फेरी इतकी लांब असेल की सर्व लॅक्टोज अर्ध्याच वेळात संपते, तर अर्धे एन्झाइम मेले तरी फेरीअखेर रूपांतर १०० टक्केच दिसते. विसरणाने अडलेल्या, गच्च भरलेल्या मण्यांतही हेच होते: बाहेरचा थर काम करत असतो, आतले राखीव एन्झाइम निष्क्रिय असते आणि बाहेरचे मेले की आतले पुढे येते. आलेख आडवा राहतो आणि एन्झाइम स्थिर असल्याचा आभास होतो. म्हणून प्रत्येक फेरीत सुरुवातीचा वेग मोजावा, रूपांतर १० टक्क्यांच्या आत ठेवावे आणि टिकाऊपणाची चाचणी सर्वांत कमी मात्रेच्या मण्यांवरही करावी. कमी मात्रेचे मणीही तितकेच टिकले, तर स्थिरता खरी.

कॉलम

चक्क्याचे पाणी आधी सेपरेटरमधून काढून स्निग्धांश वेगळा करावा. मग ते ८५ ते ९० अंशांपर्यंत दहा मिनिटे तापवावे. या सामूला बहुतेक व्हे-प्रथिने साकळतात. ती कापडातून आणि नंतर बारीक फिल्टरमधून गाळावीत. ज्यांच्याकडे अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून गाळण्याची सोय, आहे त्यांनी तेच वापरावे, कारण त्यात प्रथिने न बिघडता वेगळी विकता येतात. साफ न केलेले पाणी कॉलममध्ये सोडणे म्हणजे मण्यांवर चिकट थर चढवून घेणे.

कृत्रिम पदार्थावरचे युनिट कॉलमच्या हिशेबात वापरू नयेत. लॅक्टोजवरचा वेग पुष्कळ वेगळा असतो. तो प्रत्यक्ष व्हेवर मोजावा. मोकळे झालेले ग्लुकोज मोजायला रक्तातील साखर तपासणाऱ्या लॅबमधला ग्लुकोज ऑक्सिडेज-पेरॉक्सिडेजचा किट पुरतो. तो स्वस्त आहे आणि कुठल्याही शहरात मिळतो. नमुना मण्यांवेगळा केला की अभिक्रिया आपोआप थांबते, उकळावे लागत नाही.

आता उदाहरणादाखल आकडे मांडू. एक लिटर कॉलममध्ये सुमारे ६५० ग्रॅम ओले मणी बसतात. कामाच्या परिस्थितीत त्यांचा सरासरी वेग दर ग्रॅमला मिनिटाला ३ मायक्रोमोल धरला, तर कॉलमचा वेग १९५० मायक्रोमोल होतो. लिटरला ४५ ग्रॅम लॅक्टोज म्हणजे सुमारे १३० मिलिमोल. त्यातले ८० टक्के फोडायचे तर १०४ मिलिमोल, म्हणजे १,०४,००० मायक्रोमोल. त्याला सुमारे ५३ मिनिटे लागतील. दिवसाला साधारण २७ लिटर पाणी निघेल. रूपांतर ८० टक्क्यांवर थांबवण्यामागे कारण आहे. तयार होणारे गॅलॅक्टोज एन्झाइमला अडवते, त्यामुळे शेवटच्या टक्क्यांसाठी कॉलम अनावश्यक मोठा करावा लागतो.

दहा दिवस चालवल्यावर वेग ८० टक्के उरला, तर घटीचा स्थिरांक दिवसाला ०.०२२३ आणि अर्धायुष्य सुमारे ३१ दिवस. रूपांतर ८० टक्क्यांवर कायम ठेवायचे तर वेग घटेल तसा प्रवाह कमी करत जावा लागतो. एका अर्धायुष्यात निघणारे एकूण पाणी सुरुवातीच्या दैनिक प्रमाणाला दिवसांनी गुणून पुन्हा ०.७२ ने, म्हणजे त्या काळातल्या सरासरी वेगाच्या प्रमाणाने, गुणले की मिळते: २७ गुणिले ३१ गुणिले ०.७२, म्हणजे सुमारे ६०० लिटर. दर लिटरला ३६ ग्रॅम या हिशेबाने २१ ते २२ किलो लॅक्टोज फोडला गेला. दर ग्रॅमला ५ मिलिग्रॅमप्रमाणे या मण्यांना सव्वातीन ग्रॅम प्रथिन लावले होते. तेवढेच मोकळे एन्झाइम किती लॅक्टोज फोडून वाया जाते ते आपल्या मोजणीवरून काढावे, त्यात कायटोसान, रसायने, मजुरी आणि कॉलमचा खर्च मिळवावा आणि दर किलो लॅक्टोजमागे खर्च कुठे कमी येतो ते पाहावे. दहा दिवसांच्या मोजणीवरून सहा महिन्यांचे भाकीत मात्र करू नये. निदान एक पूर्ण अर्धायुष्य कॉलम प्रत्यक्ष चालवून पाहावे.

कायटोसानचे मणी मऊ असतात. उंच कॉलममध्ये जोराने प्रवाह सोडला तर खालचे मणी दबतात, दाब वाढतो आणि पाणी एका बाजूने वाट काढते. म्हणून कॉलम बुटका व रुंद ठेवावा. प्रवाह कमी-जास्त करण्याची कटकट टाळायची तर वेगवेगळ्या वयाचे तीन-चार कॉलम समांतर लावावेत आणि सर्वांत जुना बदलत जावा. ग्लुकोज आयसोमरेजचे कारखाने हाच मार्ग वापरत आले आहेत, आणि छोट्या उद्योगालाही तो झेपण्याजोगा आहे.

प्रत्यक्षात कॉलमचा सर्वांत मोठा शत्रू एन्झाइमची झीज नसून यीस्ट आणि जिवाणू असतात. साखर, आम्ल आणि ऊब मिळाली की ते मण्यांवर वाढतात. तापमान ५० अंशांच्या जवळ ठेवल्यास त्यांची वाढ बरीच आवरते, पण त्याची किंमत एन्झाइमच्या आयुष्यात मोजावी लागते. ४५ आणि ५० अंशांवर दोन लहान कॉलम शेजारी चालवून अर्धायुष्य व जंतूंची संख्या दोन्ही पाहावी आणि मगच तापमान ठरवावे. रोजचे काम संपल्यावर कॉलम आधी कोमट पाण्याने आणि मग सौम्य अ‍ॅसेटिक आम्लाने धुवावा. क्लोरीनयुक्त जंतुनाशक कधीही वापरू नये, त्याने एन्झाइम आणि कायटोसान दोन्ही बिघडतात. अन्नपदार्थासाठी वापरायचा पाक असेल, तर एन्झाइमचा स्रोत अन्नासाठी मान्य असलेला आहे का आणि पाकात ग्लुटाराल्डिहाइडचा अंश नाही ना, याची प्रयोगशाळेकडून लेखी तपासणी करून घ्यावी.

काही दिवस काम बंद राहणार असेल तर मणी सुकवू नयेत आणि गोठवूही नयेत; दोन्हींनी जाळी फाटते. ते स्वच्छ धुऊन सामू ५ च्या आसपासच्या बफरमध्ये ४ अंशांवर ठेवावेत. प्रयोगशाळेतल्या नमुन्यांत जंतू रोखण्यासाठी सोडियम अझाइड घालतात, पण ते विषारी आहे, तेव्हा अन्नासाठी वापरायच्या मण्यांना ते लागता कामा नये. पुन्हा सुरू करण्यापूर्वी बरणीतून ०.४ ग्रॅम मणी काढून पहिल्या दिवशीच्याच पद्धतीने मोजावेत आणि तो आकडा घाण्याच्या वहीत त्याच तक्त्यात, तारखेसह लिहावा.